यिन योग शिकवायचाय? आधी रग आणि कळ यांतला फरक शिका

प्रश्न असा आला आहे: "मी जुळे सोलापुरात राहते, वय ४१. तीन वर्षांपासून सोसायटीत सकाळी योगाचा वर्ग घेते. आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाची पहिल्या पातळीची परीक्षा पास आहे. मध्यंतरी यिन योग करून पाहिला आणि फार आवडला. आता ५० तासांचा ऑनलाइन शिक्षक-प्रशिक्षण कोर्स करावा म्हणते. तेवढ्यावर शिकवता येईल का? सोलापुरात कोणी येईल का? आणि हा खरा योग की बाहेरचं फॅड, असं घरचे विचारतात, त्यांना काय सांगू?"

ताई, मी सोलापुरात एकवीस वर्षं योग शिकवते. त्यातली गेली अकरा वर्षं आठवड्यातून तीन संध्याकाळी यिनचा, म्हणजे अंग सैल सोडून एकेका स्थितीत काही मिनिटं राहायच्या योगाचा, वर्ग असतो. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं आधी थोडक्यात देते, मग जे खरं सांगायचंय त्याकडे येते.

५० तासांच्या कोर्सवर सुरुवात करता येते, पण ते ५० तास नुसते व्हिडिओ बघण्यात गेले असतील तर नाही. सोलापुरात लोक येतात, आणि एकदा आले की टिकतात. आमच्याकडे यिनची बॅच मोडली असं फारसं कधी झालं नाही. तिसऱ्या प्रश्नाला जरा जास्त जागा लागेल.

यिन योगाची मांडणी बाहेरची आहे, हे घरच्यांना सरळ सांगा. अमेरिकेत पॉली झिंक नावाचे कुंग फूचे जाणकार आहेत. ते ताओ परंपरेतला योग शिकवायचे. त्यात बराच वेळ धरून ठेवायच्या स्थिती होत्या, तशाच प्राण्यांसारख्या हालचालीही होत्या. १९८०च्या दशकाच्या अखेरीस पॉल ग्रिली त्यांच्याकडे शिकले. ग्रिलींनी त्यातला स्थिर भाग घेतला, त्याला शरीररचनेच्या अभ्यासाची जोड दिली, आणि जपानचे हिरोशी मोतोयामा यांच्याकडून चिनी वैद्यकातल्या ऊर्जावाहिन्यांचा विचार घेतला. सारा पॉवर्स यांनी त्यात बौद्ध ध्यानाचा धागा विणला, आणि 'यिन योग' हे नाव रुळलं तेही त्यांच्यामुळे. म्हणजे हा प्रकार आज जसा शिकवला जातो तसा जेमतेम तीन-चार दशकांचा आहे. कोणी पाच हजार वर्षांपूर्वीचा म्हणून विकत असेल तर तिथे शिकू नका.

यिन हा शब्द मुळात डोंगराच्या सावलीकडच्या बाजूचा. उन्हाकडची बाजू ती यांग. सोलापूरकराला सावलीची किंमत वेगळी सांगायला नको. आणि 'चिनी शब्द कशाला' असं कोणी म्हणालं की मी डॉ. कोटणीसांचं नाव घेते. याच गावचा मुलगा १९३८ साली चीनमधल्या जखमींची सेवा करायला गेला आणि १९४२ साली तिथेच वारला. आपल्या गावाला चीनमधून आलेल्या एका शब्दाचं वावडं असायचं कारण नाही.

आता आपली बाजू. पतंजलींनी आसनाची व्याख्या तीनच शब्दांत केली, स्थिर, सुख आणि आसन. लगेच पुढच्या सूत्रात ते साधायचं कसं तेही सांगितलं: प्रयत्न शिथिल करून. यिनमध्ये मी रोज नेमकं हेच करायला सांगते. शिवाय उशा, पट्टे, ठोकळे यांचा आधार देऊन माणसाला आसनात बराच वेळ ठेवायचं काम पुण्यात अय्यंगार गुरुजींनी कितीतरी आधीपासून केलं. तेव्हा घरच्यांना सांगा, वाट ओळखीची आहे, पाटी नवी आहे.

फरक कुठे, तर हेतूत. तुमच्या सकाळच्या वर्गात स्नायू कामाला लागतात. यिनमध्ये स्नायू सैल सोडून तीन ते पाच मिनिटं एकाच स्थितीत राहायचं, म्हणजे ताण स्नायूंच्या पलीकडे सांध्याभोवतीच्या उतींवर जातो. अस्थिबंध आणि फॅशिया. मटण साफ करताना मांसावरून जो पातळ पांढरा पडदा ओढून काढतो, तोच फॅशिया. या उती घाईनं बदलत नाहीत. त्यांना हलका आणि लांबलेला ताण लागतो, मग विसावा. 'अस्थिबंध लांब करायचे' असं मात्र कोणालाही शिकवू नका. सांधा जागेवर धरून ठेवायचं काम त्यांचं आहे, ते सैल पडले तर सांधा डळमळतो. आणि पहिल्या काही आठवड्यांत माणूस जास्त वाकायला लागतो, त्यात बराच वाटा मज्जासंस्थेचा असतो. ताण सहन करायची तिची तयारी वाढलेली असते. आत काहीतरी ताणून लांब झालं असं नसतं.

आसनांची नावं वेगळी आहेत तीही याच कारणानं. फुलपाखरू म्हणजे आपलं बद्धकोणासन, पण पाय अंगापासून लांब, पाठ गोल, मान सोडलेली. सुरवंट म्हणजे पश्चिमोत्तानासन, पण गुडघे सैल आणि पकडायचं काहीच नाही. स्फिंक्स हे कोपरांवरचं भुजंगासन. खोगिरात म्हणजे सॅडलमध्ये सुप्तवज्रासन दिसेल. जुन्या नावानं हाक मारली की विद्यार्थी जुन्या सवयीनं ताठ होतो, म्हणून मीही नवी नावं वापरते.

आता मुद्द्याचं. यिन शिकवायला आसनं फार नाहीत, वीस-पंचवीस असतील. ती पंधरा दिवसांत पाठ होतात. अवघड आहे ते समोरचा माणूस पाचव्या मिनिटाला काय सोसतोय हे ओळखणं, आणि त्याला स्वतःला ते ओळखायला शिकवणं. सूर्यनमस्कारात चुकीची स्थिती दोन सेकंद टिकते आणि सुटते. यिनमध्ये तीच चूक पाच मिनिटं टिकते. तुमच्या प्रशिक्षणाचा अर्धा वेळ यावर जायला हवा.

इथे आपली भाषा फार कामाला येते. इंग्रजी कोर्समध्ये 'सेन्सेशन' आणि 'पेन' एवढ्या दोन शब्दांवर भागवतात. आपल्याकडे दुखण्याला केवढे शब्द आहेत! मी पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिते: रग, कळ, चमक, मुंग्या. रग म्हणजे लांबवर पसरलेली, बोथट, जड जाणीव. दिवसभर चालून आल्यावर पोटरीला लागते तशी. रग चालेल, तिच्यासाठीच बसलोय. कळ एका ठिकाणी येते, बोट ठेवून दाखवता येते. कळ आली की मागे या. चमक निघाली, म्हणजे वीज गेल्यासारखं कमरेतून पायात काही गेलं, की लगेच बाहेर, त्या दिवशी ते आसन पुन्हा नाही. मुंग्या आल्या किंवा पाय बधिर झाला तर शीर दाबली जातेय, स्थिती बदला. आणि सांध्याच्या आत, विशेषतः गुडघ्यात काहीही जाणवलं तरी मागे. गुडघ्यातली रगसुद्धा मी चालवून घेत नाही.

हे शब्द कळले की माणूस स्वतःचा वैद्य होत नाही, पण वर्गात सुरक्षित राहतो. तुम्ही खोलीत फिरताना फक्त विचारायचं, "रग की कळ?" एवढ्या एका प्रश्नानं माझ्या वर्गातली दुखापत जवळजवळ थांबली.

आता एक संध्याकाळ सांगते. पूर्व भागात, अशोक चौकाच्या पलीकडे, एका कार्यालयाच्या हॉलमध्ये माझी बुधवारची बॅच असते. शेजारी यंत्रमागाचा कारखाना, त्याची खटखट भिंतीतून येत राहते. समोरच्या रांगेत पन्नाशीच्या एक विडी कामगार बाई, त्यांच्या शेजारी बँकेतले एक साहेब. दोघांना फुलपाखरात बसवलं. बाईंचे गुडघे सहज जमिनीला टेकले, कपाळ तळव्यांवर गेलं, आणि त्या म्हणाल्या, "मॅडम, मला कुठंच काही होईना." साहेबांचे गुडघे छातीच्या उंचीला. पाठ मागे कलंडायला लागली, हात मागे टेकून कसेबसे बसले. चेहरा लाल.

नव्या शिक्षकाला वाटेल, बाई पुढे आहेत आणि साहेब मागे. तसं नाही. त्या बाई तीस वर्षं मांडी घालून, मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून तेंदूची पानं कापत आणि विड्या वळत आल्या आहेत. मजुरी हजार विड्यांवर मिळते, त्यामुळे मध्ये उठून पाय मोकळे करायची चैन नाही. त्यांचा खुबा मोकळाच आहे. बंद झालीय ती छाती, खांदे आणि मानेची मागची बाजू. त्यांना आणखी पुढे वाकवणं म्हणजे दिवसभराच्या कामाचीच आणखी पाच मिनिटं करून घेणं. मी त्यांना पालथं करून स्फिंक्समध्ये ठेवलं, कोपरं खांद्यांच्या जरा पुढे, छातीखाली घडी घातलेली चादर. दुसऱ्या मिनिटाला त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि बोट ठेवलं ते दोन खांद्यांच्या मध्ये. "इथं रग आली." बस. त्यांचं यिन तिथे होतं. साहेबांना भिंतीला पाठ लावून, बैठकीखाली दोन चादरी देऊन, दोन्ही मांड्यांखाली टॉवेलच्या गुंडाळ्या दिल्या. पाच मिनिटं ते नुसते ताठ बसले आणि त्यांच्यासाठी तेवढं पुरेसं होतं.

एकाच आसनात दोघांना दोन टोकांची गरज. कोर्समध्ये हे चित्रात दाखवतात, पण डोळ्यांना सवय लागते ती माणसं बघूनच.

साहेबांच्या गुडघ्यांबद्दल आणखी थोडं, कारण पॉल ग्रिलींचं सगळ्यात मोलाचं काम इथेच आहे. मांडीच्या हाडाला वर एक मान असते आणि तिच्या टोकाचा गोळा खुब्याच्या वाटीत बसतो. त्या मानेचा कोन, तिचा पीळ, वाटीचं तोंड कोणत्या दिशेला आहे, हे सगळं माणसागणिक वेगळं असतं. एखाद्याचं हाड हाडाला लवकर टेकतं. तिथे थांबायचं, कारण पुढे जायला वाटच नाही. दहा वर्षं सराव केला तरी हाडाचा आकार बदलत नाही. म्हणून कोणी आसनात अडला की विचारायचं, कुठे अडलं? मांडीच्या आतल्या बाजूला ओढ जाणवली तर तो ताण आहे, वेळ दिला की सैल होईल. जांघेत किंवा खुब्याच्या बाहेरच्या अंगाला चिमटल्यासारखं, ठप्प झाल्यासारखं वाटलं तर हाड टेकलंय. पायाची दिशा बदला, आसन बदला, पण दाबू नका. गुडघ्यावर हात ठेवून दाबणारा शिक्षक पाहिला की माझा जीव खालीवर होतो.

माझ्याही हातून चूक झालीय, ती सांगायलाच हवी. सुरुवातीच्या वर्षी एक तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी यायची, नृत्य शिकलेली. कुठलंही आसन सांगा, ती शेवटपर्यंत जायची. मी कौतुक करायचे, इतरांना तिच्याकडे बघायला सांगायचे. चार महिन्यांनी तिची कंबर खाली, माकडहाडाच्या वर एका बाजूला दुखायला लागली, बसवेना. फिजिओथेरपिस्टनं सांगितलं की तिचे सांधे मुळातच जास्त सैल आहेत आणि मी तिला जे करायला लावत होते ते नेमकं नको होतं. तिला बळ हवं होतं, मी आणखी सैल करत होते. बरी झाली, पण वर्ष गेलं. तेव्हापासून पहिल्या दिवशी प्रत्येकाचं मी पाहते: करंगळी मागे काटकोनापर्यंत जाते का, अंगठा मनगटाकडून हाताला टेकतो का, कोपर आणि गुडघा मागच्या बाजूला वाकतो का, पाय ताठ ठेवून तळहात जमिनीला टेकतात का. डॉक्टर याला बेटन मोजणी म्हणतात, एकूण नऊ गुण. गुण जास्त भरले तर त्या माणसाला मी आसनाच्या अर्ध्यावर थांबवते, आधार जास्त देते आणि आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम करायला लावते. हे तुमच्या कोर्समध्ये शिकवतात का, नक्की विचारा.

प्रशिक्षण निवडताना काय बघायचं? माझं पहिलं प्रशिक्षण मी बाहेरगावी एका केंद्रात घेतलं. तिथले शिक्षक चांगले होते, पण आम्ही सगळे शिकणारे सडपातळ, तिशीच्या आसपासचे, एकमेकांवरच सराव करायचो. जाड माणूस नाही, गुडघा बदललेला नाही, मधुमेही नाही. सोलापुरात आल्यावर माझ्या पहिल्या बॅचला अकरा जण आले, बहुतेक पन्नाशीच्या पुढचे, आणि शिकवल्याप्रमाणे बसता येईल असा एकही नाही. त्या संध्याकाळी मला कळलं की मी आसनं शिकून आले, माणसं नाही. म्हणून मी पहिली गोष्ट ही विचारायला सांगते की सरावासाठी वेगवेगळ्या वयाची, वेगवेगळ्या अंगाची माणसं आणता का. दुसरी, मी वर्ग घेताना कोणी अनुभवी माणूस मागे उभं राहून बघणार आणि चुका सांगणार आहे का, किती वेळा. ऑनलाइन असेल तर निदान कॅमेऱ्यासमोर थेट वर्ग घेऊन तपासला जातो का. या दोन प्रश्नांना गुळमुळीत उत्तर आलं तर पैसे भरू नका, मग पाटी कितीही मोठी असो.

सर्टिफिकेटचं लवकर उरकते. योग अलायन्स ही अमेरिकेतली नोंदणी करणारी संस्था आहे. २०० तासांचं पायाभूत प्रशिक्षण ही तिची ओळखीची नोंदणी. यिनचे ५० तास त्याच्या जागी येत नाहीत, त्याच्यावर येतात. आपल्याकडे योग प्रमाणन मंडळाची तुमची पहिली पातळी ही योग प्रोटोकॉल प्रशिक्षकाची, म्हणजे सामूहिक वर्ग घेण्यापुरती. त्यापुढची वेलनेस प्रशिक्षकाची पातळी आणि मग शिक्षक-परीक्षकाची. माझं म्हणणं विचाराल तर यिनच्या आधी पुढची पातळी करा, किंवा एखाद्या जुन्या संस्थेत पाया पक्का करा. लोणावळ्याचं कैवल्यधाम स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली काढलं, सांताक्रूझची योग इन्स्टिट्यूट १९१८ची. दोन्ही आपल्याच राज्यात आहेत, हुतात्मा एक्स्प्रेस पकडली की निम्मी वाट सरते. तिथे यिन शिकाल असं नाही, पण शरीर, श्वास आणि वर्ग सांभाळणं शिकाल. पाया नसताना यिन घेतलं तर तुम्हाला बसवता येईल, उठवता येणार नाही.

आणि कोर्सला नाव घालायच्या आधी सहा महिने स्वतः करा. रोज नको, आठवड्यातून चार दिवस. एक वही ठेवा. कोणतं आसन, किती मिनिटं, रग कुठे आली, कितव्या मिनिटाला मन पळालं, उठल्यावर काय वाटलं. बराच वेळ बसून उठल्यावर पहिलं अर्धं मिनिट अंग म्हाताऱ्यासारखं जड वाटतं, ते स्वाभाविक आहे, ते तुमच्या अंगावर आधी अनुभवलेलं असू द्या. मग घरातल्यांना धरा. प्रत्येक आसन स्वतःवर, एका साठी ओलांडलेल्या माणसावर आणि एका वजनदार माणसावर करून बघा. तुमच्या सासूबाई तयार झाल्या तर त्यांच्याइतकी चांगली शाळा नाही, कारण त्या जे दुखेल ते लगेच सांगतील.

वर्ग आखताना नव्या शिक्षकाचं मन भरत नाही. एका तासात बारा आसनं कोंबतात. माझ्या साठ मिनिटांचा हिशेब बघा. सुरुवातीला पाठीवर पडून श्वास, पाच मिनिटं. फुलपाखरू चार आणि एक विसावा. ड्रॅगन, म्हणजे एक पाऊल पुढे आणि मागच्या पायाचा गुडघा जमिनीला, दोन्ही बाजूंनी तीन-तीन, मध्ये एक-एक विसावा, असे आठ. स्फिंक्स तीन मिनिटं दोनदा, विसाव्यासह आठ. पाठीवर पडून एका पायाचा घोटा दुसऱ्या मांडीवर, दोन्ही बाजू धरून दहा. सुरवंट पाच. पाठीवरचा पीळ सात. शवासन आठ. झाली छप्पन्न. उरलेली चार चादरी हलवण्यात जातात. शवासन सोडलं तर सहाच आसनं, आणि तास गच्च भरला. विसाव्याची मिनिटं कापू नका. ताण सोडल्यावर त्या जागी जे ऊबदार पसरतं ते जाणवायला तेवढा वेळ लागतो आणि लोक त्यासाठीच परत येतात.

पहिलं मिनिट बोला, आसन लावून द्या, आधार नीट करा. मग गप्प राहा. मला ही सवय लागायला दोन वर्षं लागली. शांतता झाली की आपल्यालाच भीती वाटते, काहीतरी चांगलं बोलावंसं वाटतं. नका बोलू. मधे एकदा "रग की कळ?" आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटाची सूचना, एवढं पुष्कळ. शांतता म्हणजे आवाज नसणंही नाही. मागाची खटखट चालू असतानाच माझ्या बायका सगळ्यात खोल जातात, तो आवाज त्यांच्या घरातला आहे.

साहित्यावर पैसे घालू नका. परदेशी बोल्स्टर मागवणाऱ्यांना मी सांगते, तुम्ही सोलापुरात राहता! दोन सोलापुरी चादरी एकत्र घट्ट गुंडाळून दोन ठिकाणी नाडीनं बांधल्या की उत्तम लोड होतो, आणि सुती असल्यानं घसरत नाही. एक चादर चौकोनी घडी करून बैठकीखाली, टेरी टॉवेलची गुंडाळी घोट्याखाली आणि गुडघ्यामागे. ज्या वस्तूंना भौगोलिक मानांकन मिळालंय त्या आपल्या कपाटात पडून आहेत. माझी दहा जणांची बॅच पंचवीस चादरी आणि वीस टॉवेलांवर चालते. दर रविवारी धुतल्या जातात.

दहाच्या वर माणसं घेऊ नका. अकराव्याकडे बघायला डोळे उरत नाहीत.

कोणाला काय द्यायचं नाही, हे मात्र पाठ असू द्या. हाडं ठिसूळ झालेल्यांना पाठ गोल करून पुढे वाकवायचं नाही, म्हणजे सुरवंट आणि फुलपाखराचं वाकणं बंद. मणक्याची गादी सरकलेल्यांनाही तेच. गरोदर बाईंचे सांधे शरीरातल्या बदलांमुळे आधीच सैल असतात, त्यांना खोल ताण नको, पालथं आणि पिळाचंही नको. काचबिंदू किंवा न आवरणारा रक्तदाब असेल तर डोकं खाली जाणारं काही नको. गुडघा बदललेल्याला खोगीर नाही. आणि जुन्या मधुमेह्याच्या पायांना जाणीव कमी असते. त्याला मुंग्या आल्या तरी कळत नाही, "रग की कळ" हा प्रश्न त्याच्या पायापुरता निरुपयोगी आहे. त्याच्या बाबतीत वेळ निम्मा करा आणि पायाचा रंग स्वतः बघा. पहिल्या दिवशी एक कागद भरून घ्या, औषधं, ऑपरेशनं, पडझड. शंका आली तर डॉक्टरांची चिठ्ठी आणायला सांगा. विद्यार्थी नाराज होतो, होऊ दे.

उन्हाळ्याचं एक. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ला जातो तेव्हा अंग आपोआप सैल लागतं आणि माणूस नेहमीपेक्षा जास्त खोल जातो, दुसऱ्या दिवशी सांधे ठणकतात. त्या दोन महिन्यांत मी पाच मिनिटांची चार करते आणि वर्ग पहाटे घेते.

ऊर्जावाहिन्यांचा भाग कोर्समध्ये येईलच. मांडीच्या आतल्या बाजूनं यकृत आणि मूत्रपिंडाच्या वाहिन्या जातात वगैरे. शिका, तो चिनी वैद्यकाचा जुना नकाशा आहे आणि आसनांची जुळणी करायला उपयोगी पडतो. पण शरीर उघडून दाखवता येईल अशी ती नळी नाही. 'या आसनानं किडनी सुधारते' असं वर्गात कधीच म्हणू नका. डायलिसिसवर असलेल्या नवऱ्याला घेऊन एक बाई माझ्याकडे आल्या होत्या, कुणीतरी असंच काहीतरी सांगितलं म्हणून. त्यांना परत पाठवताना मला जे वाटलं ते तुमच्यावर येऊ नये.

वय ४१ हे यिन शिकवायला चांगलं वय आहे. तुमच्या गुडघ्यांनी तुम्हाला काही शिकवलेलं असणार.

आणि भाषेचं. पुढेमागे पूर्व भागात बॅच घ्याल तर मराठीवर भागतं, पण दुखण्याचे शब्द माणूस घरच्या भाषेतच बोलतो. तिथल्या बऱ्याच घरांत तेलुगू आहे. नोप्पी म्हणजे दुखणं आणि तिम्मिरी म्हणजे मुंग्या, हे दोन शब्द मी विद्यार्थिनींकडूनच शिकले. रगेला काय म्हणता, असं मी एकदा विचारलं होतं. दोघी-तिघींत थोडी चर्चा झाली, कुणाचंच एका शब्दावर जमेना. मग पहिल्या रांगेतल्या त्या विडीवाल्या बाईंनी माझा हात धरला, स्वतःच्या खांद्यावर ठेवला आणि त्यावर आपला हात ठेवून हळूहळू, सावकाश वजन दिलं. "असं," म्हणाल्या. तेव्हापासून नवीन कोणी आलं की मी शब्द सांगायच्या आधी तसंच करून दाखवते, अर्थात आधी विचारून.